‘कोरोना गेला, आता कशाला?’ : किडनी प्रत्यारोपण झालेल्या घराने काळजी कुठवर घ्यावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका ताईंच्या पतीचे दीड वर्षापूर्वी किडनी प्रत्यारोपण झाले. किडनी सासूबाईंनी दिली. घरात आठ वर्षांचा मुलगा आहे. मागच्या महिन्यात पतीचे चुलतभाऊ अंगात कणकण असताना, खोकत, सहज भेटायला म्हणून आले. ताईंनी त्यांच्यापुढे मास्क धरला, तेव्हा ‘कोरोना गेला न जी आता, आम्ही का रोग घेऊन हिंडतो का?’ असे म्हणून ते अर्धा चहा तसाच ठेवून उठले. तेव्हापासून दोन्ही घरांत अबोला आहे आणि पुढच्या महिन्यात त्याच भावाच्या मुलीचे लग्न आहे. ताई विचारतात, ‘मीच अतिरेक करते आहे का? हे किती दिवस चालायचे? आणि लोकांना सांगायचे तरी कसे?’

ताई, आधी माझी मर्यादा सांगतो. मी छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे आणि धंतोलीत सत्तावीस वर्षे दवाखाना चालवतो. प्रत्यारोपण झालेले रुग्ण ताप किंवा खोकला घेऊन माझ्याकडे येतात, पण त्यांच्या मूळ औषधांची मात्रा त्यांचे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीविकारतज्ज्ञ, ठरवतात. त्यामुळे तुमच्या पतींनी किती जपावे याचा शेवटचा शब्द त्यांचा आहे, माझा नाही. ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असते. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले सहा महिने ते वर्षभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जास्त मात्रेत असतात आणि पुढे ती हळूहळू कमी केली जातात. मध्येच शरीराने किडनी नाकारण्याची चिन्हे दाखवली आणि जोरदार औषधे पुन्हा द्यावी लागली, तर पहिल्या महिन्यांइतकीच काळजी पुन्हा सुरू होते. सोबत मधुमेह असेल तर हिशेब आणखी बदलतो. दीड वर्ष झाले आहे आणि किडनी नीट चालते आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तेवढे गृहीत धरून मी पुढचे सांगतो.

तुमचे प्रश्न तीन असले तरी त्यांच्या मुळाशी मला एकच अडचण दिसते. मास्कने काय होते हे तुमच्या दिरांना ठाऊक नाही, अशातला भाग नाही. त्या दोन वर्षांत ते या शहरातल्या पोराटोरांनाही पाठ झाले आहे. अडचण अशी की, तुम्ही काळजीपोटी केलेली विनंती त्यांना आरोपासारखी ऐकू आली. आजाराविषयी माहिती वाढवून हा तिढा सुटणार नाही, आणि तुम्ही त्यांना व्हॉट्सॲपवर लेख पाठवाल तर तो आणखी घट्ट होईल. म्हणून औषधपाण्याकडे वळण्याआधी लोक असे का वागतात याविषयी, दवाखान्यात बसून जे पाहिले त्याच्या आधाराने, थोडे सविस्तर लिहितो.

नागपुरात पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली तो दिवसही हाच. त्यानंतर काळजी घेणे ही गोष्ट आपल्याकडे आली ती शिक्षेच्या रूपात. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचे शिक्के मारले गेले, दारावर भित्तिपत्रके लागली, गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे बांधले गेले, चौकात मास्कसाठी दंडाच्या पावत्या फाटल्या. अधिकाऱ्यांचा विशिष्ट आदेश असल्याखेरीज रुग्णांच्या घरावर अशी पत्रके लावू नयेत, हे डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. २०२१ च्या मार्चमध्ये नागपुरात पुन्हा टाळेबंदी लागली आणि त्यानंतरचा एप्रिल महिना मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या दारात ज्यांनी काढला, त्यांच्याशी त्याविषयी आजही मी जपून बोलतो. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, राज्यातले निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. लोकांनी गुढी उभारली आणि मास्क फेकला. जी गोष्ट दंडाच्या भीतीने अंगवळणी पडली होती ती दंड संपताच गेली, यात मला नवल वाटत नाही.

शिवाय मास्क पाहून चिडणारे सगळे एकाच कारणाने चिडतात असे नाही. माझ्याकडे दम्यासाठी येणाऱ्या एका गृहस्थांचा धाकटा भाऊ दुसऱ्या लाटेत गेला आणि अंत्यदर्शनही झाले नाही. दवाखान्यात कोणी मास्क लावलेला दिसला की ते बाहेर जाऊन उभे राहतात. इतवारीतल्या एका व्यापाऱ्याला त्या काळात दुकान विकावे लागले आणि त्यांच्या लेखी मास्क ही त्या नुकसानीची खूण आहे. काहींना सारेच थोतांड वाटते. यांतल्या कोणाचेही मन मी आकडे सांगून वळवू शकलेलो नाही आणि आता तो प्रयत्नही सोडला आहे.

साथ ओसरली की ती विसरून जाण्याची घाई होते, हेही काही आजचे नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला आपल्याकडे मानमोडी म्हणत. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली आणि मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक झळ बसलेल्या भागांपैकी एक होता. माझ्या आजीच्या तोंडी मानमोडी हा शब्द होता, पण तेव्हा घरातले कोण कोण गेले हे तिने कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या शहरात मारबत, म्हणजे रोगराईचा मोठा पुतळा, मिरवत निघते, तेव्हा आपण सगळे ‘ईडा, पीडा, खासी, खोकला घेऊन जा गे मारबत’ असे ओरडतो. रोग एकदाचा गावाबाहेर नेऊन जाळून टाकावा आणि पुन्हा त्याचे नाव काढू नये, ही इच्छा किती जुनी आहे ते त्या आरोळीत ऐकू येते. तुमच्या घरात मात्र तो विषय रोज औषधाच्या वेळी समोर येतो. तुमचे दीर तुमच्यावर चिडले त्यात या विसंगतीचा वाटा मोठा आहे.

आता एक जुनी रीत आठवा. पूर्वी घरात कोणाला कांजण्या आल्या की ‘माता आली’ म्हणत आणि दाराला कडुनिंबाचा डहाळा लावत. येणारा माणूस डहाळा पाहून अंगणातूनच विचारपूस करी आणि परत फिरे. कोणी कोणाला ‘तुम्ही येऊ नका’ असे म्हणत नसे आणि परत गेलेल्याला अपमानही वाटत नसे, कारण तो देवीचा मान राखत होता. या समजुतीपायी औषधोपचाराला उशीर झाल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत, तेव्हा मी तिचे गोडवे गात नाही. पण डहाळ्याची योजना मात्र विलक्षण होती. आजाराची खबर आजारी घरानेच द्यायची, ती न बोलता द्यायची, आणि खपल्या धरल्या की डहाळा काढून टाकायचा. कांजण्यांचा संसर्ग सगळ्या पुळ्यांवर खपली धरेपर्यंतच होतो, हे वैद्यकशास्त्रही सांगते. हातावरचा शिक्का आणि दारावरचे भित्तिपत्रकही खबरच देत होते, पण त्यात मान नव्हता, ठपका होता.

याला आणखी एक पदर आहे आणि तो दीक्षाभूमीच्या शहरात तरी विसरता येणार नाही. ‘दूर राहा’ हे शब्द आपल्या समाजात शतकानुशतके आजारासाठी नव्हे, तर माणसाला हीन ठरवण्यासाठी वापरले गेले. म्हणून ‘लांब बसा’, ‘हात लावू नका’ ही वाक्ये कोणत्याही आजाराच्या निमित्ताने उच्चारली तरी ऐकणाऱ्याच्या कानाला ती वेगळीच लागू शकतात. मी माझ्या कंपाउंडरला शिकवले आहे की अंतर नेहमी आजाराच्या नावाने आणि मुदतीसह सांगायचे. ‘तुम्ही तिकडे बसा’ असे म्हणायचे नाही. ‘ताप उतरेपर्यंत व्हरांड्यात बरे वाटेल, तिथे पंखा आहे’ असे म्हणायचे.

आम्हा डॉक्टरांची चूकही इथेच कबूल करतो. मार्च २०२० मध्ये मी स्वतः रुग्णांना सांगत होतो की निरोगी माणसाला मास्कची गरज नाही, कारण तेव्हाची अधिकृत सूचना तशीच होती; जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० रोजी ती बदलली. हा विषाणू हवेतून पसरत नाही असे त्याच संघटनेने मार्चमध्ये ठासून सांगितले होते आणि पुढे ते मागे घ्यावे लागले. प्लाझ्माचा उपचार आम्ही दिला आणि मे २०२१ मध्ये तो मार्गदर्शक सूचनांतून वगळला गेला. नवी माहिती आली की सल्ला बदलायलाच हवा, त्यात गैर काही नाही. पण तो का बदलला हे आम्ही लोकांना धड सांगितले नाही. आज कोणी ‘तुमचे रोज नवीन असते’ असे म्हणाले की मला राग येत नाही.

दवाखान्यातला एक अनुभव सांगतो, कारण तुम्हाला पुढे जे सुचवणार आहे ते त्यातूनच आले आहे. निर्बंध उठल्यावरही मी प्रतीक्षाकक्षात ‘मास्कशिवाय प्रवेश नाही’ अशी पाटी ठेवली होती. रोज दारात वाद होत. खोकणारे लोक खोकला दाबून आत बसत आणि मी तपासायला लागलो की दहा दिवसांचा खोकला बाहेर पडे. शेवटी पाटी काढली आणि दुसरी लावली: ‘ताप किंवा खोकला असल्यास काउंटरवर आधी सांगा, आपल्याला लवकर तपासले जाईल.’ त्या दिवसापासून खोकणारे आपण होऊन सांगू लागले, मास्क दिला तर तोही लावू लागले आणि व्हरांड्यात बसू लागले. काही बहाद्दर नंबर लवकर लागावा म्हणून खोटेच खोकू लागले, तो भाग वेगळा. तरी मला ते परवडते. खोकला लपवणाऱ्या माणसाने लाज बाजूला ठेवून तो सांगावा, एवढेच मला हवे होते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही अतिरेक करता का? काही बाबतींत, हो. भाजी साबणाच्या पाण्यात बुडवणे, दुधाच्या पिशव्या आणि कुरिअरची पाकिटे सॅनिटायझरने पुसणे, मुलाला कॉलनीत खेळायला न पाठवणे, हे तुम्ही लिहिले आहे; हे सगळे आज सोडून द्या. श्वसनमार्गाचे विषाणू मुख्यतः माणसाच्या श्वासातून आणि खोकल्यातून पसरतात, दुधाच्या पिशवीवरून नाही. भाजी साध्या वाहत्या पाण्याने नीट धुतली की पुरे. जुलाबाच्या काही विषाणूंवर सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही, तिथे साबण आणि पाणीच कामाचे, तेव्हा जेवणाआधी आणि शौचानंतर सगळ्यांनी हात धुण्याची शिस्त मात्र सोडू नका. मुलाला मोकळ्या मैदानावर खेळू द्या. निरुपयोगी काळजी खर्चिक तर असतेच, पण तीच पाहून लोक तुमच्या उपयोगी काळजीचीही थट्टा करतात.

बाकीच्या बाबतींत तुमचे अजिबात चुकलेले नाही. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड ही औषधे किडनी टिकवण्यासाठी शरीराची संरक्षणयंत्रणा मुद्दाम मंदावतात. त्यामुळे दिरांना तीन दिवसांत सोडून जाणारा फ्लू तुमच्या पतींच्या छातीत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, आणि स्टेरॉइडमुळे सुरुवातीला ताप फारसा चढतही नाही, म्हणून आजार उशिरा लक्षात येतो. क्षयरोगाची भीतीही अशा रुग्णांत सर्वसामान्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. आपल्या देशात जगातल्या एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आहे आणि तरीही ज्या शहराने करोनाच्या काळात शिंकणाऱ्यालाही वाळीत टाकले, त्याच शहरात महिनाभर खोकणारा माणूस ‘धुळीचा त्रास आहे’ म्हणून निवांत हिंडतो. या विरोधाभासाची मला सत्तावीस वर्षांत सवय झालेली नाही.

म्हणून घरी येणाऱ्याचा खोकला कसला आहे, एवढे विचारायला शिका. ताप, अंगदुखी, घसादुखीसह दोन-चार दिवसांपूर्वी सुरू झालेला खोकला हा सर्वांत संसर्गजन्य असतो. फ्लूचा विषाणू तर लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून बाहेर पडू लागतो. असा माणूस औषध न घेता पूर्ण २४ तास तापमुक्त राहिल्यावरही पुढचे पाच दिवस तुमच्या घरी न आलेला बरा. याउलट सर्दीतून उठल्यावर तीन-चार आठवडे रेंगाळणारा कोरडा खोकला बहुधा संसर्गजन्य नसतो. हिवाळ्यात अशी माणसे घरोघरी असतात आणि त्यांना दारातून परत पाठवण्याचे कारण नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर मात्र थुंकीची तपासणी करून घ्या असे त्यांना आपुलकीने सांगा. सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य होते. घरातल्याच कोणाला असा खोकला लागला, तर तपासणी होईपर्यंत पतींची झोपण्याची खोली वेगळी ठेवा.

मला ज्यावर सर्वांत जास्त बोलावेसे वाटते ती गोष्ट म्हणजे हवा. लोकांची सगळी भांडणे मास्कवर होतात आणि खिडकीकडे कोणाचे लक्ष जात नाही. खोकल्यातले आणि नुसत्या बोलण्यातलेही सूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. गोवराच्या बाबतीत तर रुग्ण खोलीतून निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत संसर्ग होऊ शकतो. खिडक्या समोरासमोर उघड्या असल्या की हेच कण विरळ होऊन बाहेर जातात, आणि त्यासाठी कोणालाही मास्क लावायला सांगावे लागत नाही, कोणी रुसतही नाही. माझ्याच दवाखान्यात काही वर्षांपूर्वी मी एसी बसवताना एक खिडकी प्लायवूडने कायमची बंद करून घेतली होती, आणि छातीच्या डॉक्टरने ते करावे याची आज मला लाज वाटते. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. नंतर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे एक छोटे यंत्र आणले. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असते. प्रतीक्षाकक्षात दहा-बारा माणसे आणि बंद दार असले की आकडा पाहता पाहता हजाराच्या पुढे जाई, म्हणजे आम्ही सगळे एकमेकांचा उच्छ्वास वाटून घेत होतो. प्लायवूड काढले आणि तिथे एक्झॉस्ट पंखा लावला.

या बाबतीत आपला नागपुरी कूलर एसीपेक्षा सरस आहे, हे ऐकून लोकांना गंमत वाटते. खिडकीबाहेर बसवलेला कूलर बाहेरची हवा ओल्या वाळ्याच्या ताट्यांतून ओढून आत ढकलतो आणि समोरची खिडकी किंवा दार उघडे असेल तरच नीट गारवा देतो. म्हणजे खोलीतली हवा सतत बदलत राहते. अट एवढीच की तो खोलीच्या आत ठेवून दारे-खिडक्या लावून घेऊ नयेत, कारण तेव्हा फक्त दमटपणा वाढतो. मात्र त्याच कूलरच्या टाकीत डेंग्यूचा डास वाढतो, हे आपल्या शहराचे दर वर्षीचे दुखणे आहे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करावी, आणि नुसती रिकामी न करता कडा घासाव्यात, कारण चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्महिने तग धरतात. उन्हाळा संपल्यावर कूलर तसाच अंगणात पावसात भिजत ठेवण्याची सवय तर आपण सगळ्यांनीच सोडायला हवी.

लसींचे थोडक्यात सांगतो, कारण हे तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टशी बोलूनच ठरवायचे आहे. फ्लूची इंजेक्शनची लस दर वर्षी आणि न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूवरची लस ठरलेल्या अंतराने, या दोन्हींविषयी त्यांना आवर्जून विचारा. कांजण्या, गोवर किंवा नाकात मारायची फ्लूची लस यांत जिवंत विषाणू असतात. त्या तुमच्या पतींना चालत नाहीत. ही औषधे घेणाऱ्यांत लसीचा प्रतिसादही कमी मिळतो, आणि म्हणून त्यांच्याभोवतीच्या माणसांनी, म्हणजे तुम्ही, सासूबाई आणि मुलगा यांनी, दर वर्षी फ्लूची लस घेणे हे तुमच्या दारावरच्या कोणत्याही पाटीपेक्षा जास्त मोलाचे आहे. आठ वर्षांचा मुलगा शाळेतून जेवढे विषाणू घरी आणेल तेवढे सगळे पाहुणे मिळून आणणार नाहीत. त्याच्या गोवर-रुबेलाच्या दोन मात्रा पूर्ण झाल्या आहेत ना, ते कार्डावर तपासा. करोनाकाळात पुष्कळ मुलांच्या लसी चुकल्या आणि २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव या भागांत गोवराचा उद्रेक झाला, तो सर्वांना आठवत असेल.

काळजी घेऊनही पतींना ताप आलाच तर मेडिकल स्टोअरमधून गोळ्या आणू नका. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या काही प्रतिजैविकांनी आणि करोनासाठी दिल्या जाणाऱ्या एका औषधाने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी धोकादायक वाढते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी किडनीला थेट इजा होते. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. फ्लूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर सर्वांत जास्त उपयोगी पडते.

लग्नाला जावे का? माझे मत विचाराल तर जावे. आपल्याकडची बहुतेक लग्ने लॉनवर होतात, हे तुमच्या पथ्यावर पडते. उघड्या लॉनवर कडेच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला फारसा धोका नसतो. गर्दी दोन ठिकाणी होते, स्टेजवर आहेर देताना आणि जेवणाच्या रांगेत. तेवढ्या वेळापुरता पतींनी चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ मास्क लावावा. कापडी रुमाल किंवा नाकाखाली उतरलेला निळा मास्क त्यांच्या काही कामाचा नाही. बंद एसी हॉलमध्ये कार्यक्रम असेल तर अक्षता टाकून बाहेर यावे. आणि लोक मास्ककडे पाहतात तेव्हा मी मात्र ताटाकडे पाहतो. प्रत्यारोपण झालेल्या माणसाला लग्नातली कापून ठेवलेली फळे, कोशिंबीर, चटणी, पाणीपुरी आणि बर्फ यांपासून होणारा टायफॉइड किंवा कावीळ तितकीच महागात पडते. वाफाळते तेवढे खावे आणि पाणी घरचे न्यावे.

एवढ्यापर्यंत जे सांगितले त्यात बाहेरच्या माणसाकडे मागायची गोष्ट एकच आहे: ताप-खोकला असताना न येणे. हवा, लस, हात धुणे, पतींचा मास्क, ताट, हे सगळे तुमच्या घरातल्या घरात होण्यासारखे आहे. म्हणून ती एक मागणी नीट मांडण्यावर सगळी शक्ती लावा, आणि ‘किती दिवस’ या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. ती मागणी औषधे चालू आहेत तोवर, म्हणजे किडनी आहे तोवर, राहील. पण ती वर्षातून चार-सहा वेळा आणि प्रत्येक वेळी आठवडाभरच करावी लागेल, रोज नाही.

आता ती कोणी मांडावी, हे फार महत्त्वाचे आहे आणि तुमच्या पत्रात मला तेच खटकले. प्रत्येक वेळी तुम्हीच बोलता. सुनेने सासरच्या माणसाला मास्क दिला की नातेवाइकांच्या मनात गोष्ट आजाराची राहत नाही, ‘सून माणसे तोडते’ अशी होते. माझ्या पाहण्यातल्या एका घरात नेमके असेच झाले होते आणि तिथे रुग्णाने स्वतः बोलायला सुरुवात केल्यावर कुरबुर थांबली. तुमच्या घरात तर त्याहून मोठा अधिकार असलेली व्यक्ती आहे. सासूबाईंनी आपली किडनी दिली आहे. त्यांनी कुटुंबाच्या ग्रुपवर एकदाच, कोणाचेही नाव न घेता, लग्नाच्या बऱ्याच आधी लिहावे: ‘माझी किडनी लेकाच्या पोटात आहे, तिला साधी सर्दीही सोसत नाही. ज्याला ताप-खोकला असेल त्याने त्या आठवड्यात फोनवर बोलावे आणि बरे झाले की जेवायलाच यावे.’ यात कोणाला दूर ठेवलेले नाही, उलट आमंत्रण आहे. आईचे हे बोलणे टाळून खोकत येण्याची कोणाची छाती होईल असे मला वाटत नाही.

राहिले तुमचे दीर. त्यांची समजूत लग्नाच्या मांडवात घालायला जाऊ नका. तिथे त्यांना शंभर माणसे सांभाळायची असतील. त्याआधीच्या एखाद्या रविवारी तुमच्या पतींनी स्वतः फोन करावा, त्या दिवशीच्या मास्कचा विषय काढू नये, लग्नाची तयारी कुठवर आली ते विचारावे आणि घरी बोलवावे. डिसेंबरच्या सकाळी नागपुरात गच्चीवर ऊन इतके सुखाचे असते की तिथे खुर्च्या मांडल्या आहेत याचे कोणाला कारण विचारावेसेही वाटत नाही. त्या दिवशी ते बरे असतील, तर त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नसू द्या, आणि त्यांचा राहिलेला अर्धा चहा तिथे पुरा होऊ द्या.